चौथा भिडू

दुपारचे साडेतीन. पुण्याच्या कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात जेवणाच्या टेबलावर हिरवी बनात अंथरली आहे आणि तिच्यावर १४४ सोंगट्या पालथ्या पडल्या आहेत. चार बायकांचे आठ तळहात त्या सोंगट्या गोल गोल फिरवू लागतात. खोलीभर असा खळखळाट उठतो, की पलीकडच्या खोलीतला टीव्ही ऐकू येईनासा होतो. चिनी भाषेत पत्ते असोत की सोंगट्या, पिसण्याला 'धुणं' असाच शब्द आहे. हा आवाज ऐकला की तो शब्द पटतो.

टेबलाची यजमानीण नौदलातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याची बायको. उरलेल्यांपैकी दोघी लष्करातल्या घरच्या, एक हवाई दलातल्या. सेनादलांच्या वसाहतींत माहजाँग अनेक पिढ्या खेळला जातो. नवरा बोटीवर किंवा सीमेवर, मुलं शाळेत, गाव अनोळखी. अशा वेळी नव्या ठाण्यावर चार माणसं जोडून देणारा हा खेळ आहे. सोंगट्यांची पेटी काळ्या ट्रंकांबरोबर बदलीच्या गावी जाते. या पेटीनं कोची पाहिलं, विशाखापट्टणम पाहिलं, दिल्ली पाहिली. प्रत्येक सोंगटीच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी आकडा कोरलेला आहे, कारण चिनी अंक न वाचता येणाऱ्यांसाठी बनवलेले संच असेच असतात.

"अगं, टाक की लवकर. चहा निवला."

"थांबा हो मॅडम, दोन मिनिटं."

यंदाच्या अंकाचा विषय 'खेळ' ठरला, तेव्हा एकच खेळ घरात एक आणि स्पर्धेत दुसरा कसा होतो, हे शोधायचं ठरलं. क्रिकेटपुरतं ते आपल्याला पाठ आहे. गल्लीत एक टप्पा आउट असतो, समोरच्या काकांच्या खिडकीला चेंडू लागला तरी आउट असतो आणि बॅट ज्याची त्याची बॅटिंग पहिली. हे नियम त्या गल्लीचे असतात. माहजाँगचं नवल असं, की जगभर त्याच्या शेकडो गल्ल्या आहेत, आणि सगळ्यांना मान्य असं एकच मैदान अजून तयार झालेलं नाही.

भोकाच्या पैशांची माळ

रमी येणाऱ्याला माहजाँगचा सांगाडा दहा मिनिटांत कळतो. प्रत्येकाच्या हातात १३ सोंगट्या. आपली पाळी आली की भिंतीतून एक उचलायची, एक टाकायची. तीन सारख्या किंवा ओळीनं तीन, अशा चार जुळण्या आणि एक जोडी झाली, म्हणजे चौदाव्या सोंगटीवर डाव लागला. फरक एवढाच, की दुसऱ्यानं टाकलेली सोंगटी 'पंग' म्हणून, म्हणजे आपल्याकडे तशाच दोन आहेत असं सांगून, पाळी नसतानाही उचलता येते. त्यामुळे हातातल्या सोंगट्यांकडे पाहत बसून भागत नाही. इतर तिघांच्या हालचालींवर सतत डोळा ठेवावा लागतो.

सोंगट्यांवरची चित्रं पैशांची आहेत. गोल वर्तुळं म्हणजे नाणी. ज्याला आज 'बांबू' म्हणतात, त्या मुळात भोकाच्या नाण्यांच्या दोरीत ओवलेल्या माळा. तिसऱ्या जातीवर 'दहा हजार' हे अक्षर असतं. भोकाचा पैसा ज्यांनी हाताळला आहे, त्यांना ही माळ लगेच डोळ्यांसमोर येईल. बांबूच्या एक्क्यावर मात्र काडी नसते, पक्षी असतो. माहजाँग या नावाचा अर्थच मुळी चिमणी. या तीन जातींच्या १०८ सोंगट्या, चार दिशांच्या वाऱ्यांच्या १६, लाल-हिरव्या-पांढऱ्या मिळून १२ आणि फुलं व ऋतू ८, अशा १४४.

खेळाचं आजचं रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांगत्से नदीच्या मुखाकडच्या प्रदेशात घडलं. श्रेय बहुधा निंगबो शहरातल्या छेन यूमन यांना दिलं जातं. त्याच शहरात सोळाव्या शतकातलं थ्येनयी नावाचं जुनं खासगी ग्रंथालय आहे आणि त्याच्या आवारात माहजाँगचं छोटं संग्रहालय आहे. ग्रंथांच्या शेजारी सोंगट्यांना जागा मिळावी, ही गोष्ट लहान नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हू शर यांच्यासारख्या विचारवंतानं या खेळाची गणना अफू आणि पाय बांधण्याच्या रूढीच्या पंगतीत केली होती. १९४९ नंतरच्या चीनमध्ये तो जुगार म्हणून दडपला गेला, आणि सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत तर घरात संच सापडणंही महागात पडे. सोंगट्या पुन्हा उघडपणे टेबलावर आल्या त्या त्यानंतर.

पण एव्हाना खेळ गावोगावी पांगला होता. सिच्वान प्रांतात वारे, लाल-हिरव्या-पांढऱ्या आणि फुलं काढून टाकून १०८ सोंगट्यांवर खेळतात. तैवानात हातात १३ ऐवजी १६ असतात. हाँगकाँगमध्ये किमान तीन 'फान' म्हणजे तीन दर्जांचा हात झाल्याशिवाय डाव लागत नाही, असा अनेक टेबलांचा दंडक आहे. जपानात फुलं नाहीत, अमेरिकेत वर आठ जोकर आहेत. पुण्याच्या टेबलावर यजमानीणबाईंकडे विशेष हातांची एक वही आहे, शाईनं उतरवलेली. समास वेगवेगळ्या अक्षरांतल्या दुरुस्त्यांनी भरले आहेत. नव्या ठाण्यावर पहिल्या दिवशी पहिली अर्धी दुपार "तुमच्याकडे हे चालतं का?" यातच जाते, असं त्या सांगतात.

स्ट्रासबर्गमधला सदतिसावा क्रमांक

अशा खेळाची जागतिक स्पर्धा भरवायची कशी? चीनच्या सरकारी क्रीडा आयोगानं १९९८ मध्ये त्यावर उत्तर काढलं. निरनिराळ्या प्रांतांतले हात गोळा करून ८१ प्रकार ठरवले, प्रत्येकाला गुण दिले, आणि किमान आठ गुणांचा हात झाल्याशिवाय डाव लावता येणार नाही, असा नियम केला. पैसा काढून टाकला. टेबलावरचा निकालही गुणांत बदलला: पहिल्याला ४, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. म्हणजे एखाद्यानं एकाच डावात घबाड मारलं, तरी स्पर्धा त्याच्या खिशात जात नाही. दर फेरीला टेबल बदलतं, भिडू बदलतात, वेळ बांधलेली असते.

या नियमांवर २००२ मध्ये टोकियोत जागतिक स्पर्धा झाली, ती जपानी खेळाडूनं जिंकली. २००५ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखन इथं पहिली खुली युरोपीय स्पर्धा झाली, तीही जपानी खेळाडूनंच. पण चीनला खरा धक्का बसला २०१४ मध्ये. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथं युरोपीय स्पर्धेला ५१ संघ उतरले होते. जपानचा संघ पहिला आला. चीनचा ३७ वा. चिनी खेळाडूंपैकी सगळ्यांत वर जो होता, तो वैयक्तिक क्रमवारीत तिसावा.

चीनमध्ये समाजमाध्यमांवर गहजब झाला. फुटबॉलमधल्या पराभवांशी तुलना झाली. आमच्या आज्यांना पाठवायला हवं होतं, असाही सूर निघाला. पण आजी गेली असती, तर तिचे हाल आणखी वाईट झाले असते. कारण स्ट्रासबर्गला खेळला जाणारा खेळ तिच्या घरात कुणी खेळतच नव्हतं. ८१ हातांचा तो सरकारी नियम स्पर्धेसाठी घडवलेला. सिच्वानमधल्या चेंगडूतली आजी वाऱ्यांशिवाय खेळते, कँटनमधली आपल्या फानांनी. उलट युरोपातल्या माणसाच्या पाठीशी घरचा माहजाँग नसतोच. तो हा खेळ नियमपुस्तकातूनच शिकतो, म्हणून त्याला काही विसरावं लागत नाही.

प्रमाण भाषा आणि बोली यांचं आपल्याकडे जे नातं, तेच इथं दिसतं. प्रमाण भाषेच्या परीक्षेत बोली बोलणाऱ्याचे गुण जातात, म्हणून त्याला भाषा येत नाही असं कुणी म्हणणार नाही. ३७ व्या क्रमांकावरून चिनी माणसाला माहजाँग येत नाही असं म्हणणं तितकंच चुकीचं आहे. स्पर्धेचा नियम अनोळखी माणसांना एका टेबलावर बसवण्यासाठी असतो, घरचा नियम ओळखीच्या माणसांना त्या टेबलावर टिकवण्यासाठी.

टाकलेल्या सोंगट्या

हा फरक पाहायचा असेल, तर टाकलेली सोंगटी कुठे जाते ते पाहावं.

चेंगडूच्या जनता उद्यानात चहाघरं आहेत. बांबूच्या खुर्च्या, झाकणाचे पेले, लांब तोटीच्या किटल्या, मधूनच कान साफ करून देणाऱ्या माणसांच्या चिमट्यांचा किणकिणाट. शहरातल्या अशा चहाघरांत टेबलं पहाटेपासून अंधार पडेपर्यंत हलत नाहीत. टाकलेल्या सोंगट्या टेबलाच्या मध्यावर पडत जातात, कुणाची कुठली याचा हिशेब राहत नाही. तो ज्याच्या-त्याच्या डोक्यात. इथला लाडका प्रकार 'रक्तरंजित लढाई' या नावाचा आहे. एकाचा डाव लागला, तरी खेळ थांबत नाही. तो बाजूला होऊन चहा घेतो, उरलेले तिघं लढत राहतात. मग दुसरा सुटतो, आणि शेवटी एकटा उरतो किंवा भिंत संपते. शिवाय प्रत्येकाला तीन जातींपैकी एक जात पूर्ण सोडावी लागते. नाव भयंकर, पण खेळण्याची रीत दिलदार आहे: कुणी पटकन जिंकून इतरांची दुपार वाया घालवू शकत नाही.

जपानात टाकलेली सोंगटी मध्यावर पडत नाही. ती टाकणाऱ्याच्या समोर, सहा-सहाच्या ओळीत, क्रमानं मांडली जाते. जपानात रुजलेल्या या प्रकाराला रीची म्हणतात, आणि त्याचं सगळं सौंदर्य या ओळींत आहे. हात पूर्ण व्हायला एकच सोंगटी उरली आणि दुसऱ्याकडून काही उचललेलं नसलं, की खेळाडू 'रीची' म्हणतो, एक हजार गुणांची काडी मध्ये ठेवतो आणि त्या वेळी टाकलेली सोंगटी आडवी मांडतो. त्यानंतर त्याला हात बदलता येत नाही. सोबत आणखी एक नियम: ज्या सोंगटीवर तुमचा डाव लागतो, ती तुम्ही आधी स्वतःच टाकून बसला असाल, तर दुसऱ्यानं टाकल्यावर तुम्हाला डाव लावता येत नाही.

या एका नियमानं सगळं पालटलं. समोरच्याच्या ओळीत जे पडलं आहे, ते त्याच्यापुरतं तरी तुमच्यासाठी सुरक्षित ठरलं. ओळी वाचता येऊ लागल्या. कुणी मधल्या आकड्याच्या सोंगट्या लवकर टाकल्या, कुणी वारे धरून ठेवले, आडव्या सोंगटीच्या आधी काय पडलं होतं. डाव लावण्याइतकंच समोरच्याला आपल्या हातून काही न देणं महत्त्वाचं झालं, कारण ज्याच्या सोंगटीवर डाव लागतो, सगळे गुण त्यालाच भरावे लागतात. उत्तम जपानी खेळाडू बहुतेक डावांत जिंकत नाही. चांगला जुळत आलेला हात तो स्वतःच्या हातानं मोडतो, एकेक सुरक्षित सोंगटी टाकत मागे सरतो आणि नुकसान थोडक्यात आटोपतो. हात मोडतानाची त्याची शांतता पाहण्यासारखी असते.

घरच्या टेबलावर असं मागे सरणं फार कुणाला जमत नाही, आणि जमू नये असंच वाटतं. पुण्याच्या टेबलावर एकदा सगळे बांबू जमवायला घेतलेल्या बाई शेवटपर्यंत बांबूच जमवत राहिल्या. तिघींना ते दहा मिनिटं आधीच कळलं होतं. "आता हिला बांबू देऊ नका गं," असं उघड बोलणं झालं, हसणं झालं, आणि तरी पुढच्या पाळीला कुणीतरी बांबू टाकलाच.

संध्याकाळी सात वाजता

जपानात २०१८ मध्ये एम-लीग सुरू झाली. सायबरएजंट कंपनीचे संस्थापक सुसुमु फुजिता यांच्या पुढाकारानं. सल्लागार म्हणून त्यांनी साबुरो कावाबुची यांना आणलं, ज्यांनी जपानची व्यावसायिक फुटबॉल लीग उभी केली होती. पहिल्या वर्षी सात संघ होते, नंतर वाढले. खेळ बनवणाऱ्या आणि पुस्तकं छापणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे हे संघ, प्रत्येकात चार खेळाडू, स्त्री-पुरुष एकत्र. हंगामात सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, संध्याकाळी सातला ॲबेमा या इंटरनेट वाहिनीवर प्रक्षेपण सुरू होतं. एका टेबलावर रात्री दोन सामने.

पडद्यावर दिसतं ते असं. निळसर उजेड, मधोमध एक टेबल, चार माणसं फुटबॉलपटूसारख्या गणवेशात. टेबल स्वयंचलित आहे: बटण दाबलं की पसरलेल्या सोंगट्या पोटात जातात, आणि आत पिसून रचलेली नवी भिंत वर येते. चेंगडूच्या चहाघरांतही हीच यंत्रं आता सर्रास आहेत. धुण्याचा आवाज दोन्हीकडून हरवला आहे, आणि तेवढ्यापुरती पुण्याची बनात श्रीमंत म्हणायची. चौघांच्या हातातल्या सोंगट्या प्रेक्षकांना दिसतात, खेळाडूंना दिसत नाहीत. समालोचक आणि जाणकार बोलत असतात, टेबलावर मात्र ठरलेल्या चार-पाच शब्दांपलीकडे अक्षर उमटत नाही. टाकलेली सोंगटी परत घेता येत नाही. चुकीचा डाव लावला, तर वीस गुण दंड. सामना संपल्यावर पहिल्याला अधिक ५०, दुसऱ्याला अधिक १०, तिसऱ्याला वजा १०, चौथ्याला वजा ३० अशी भर पडते, त्यामुळे शेवटच्या डावात चौथा असलेला माणूस तिसरा होण्यासाठीही जीव टाकतो.

इथले खेळाडू निरनिराळ्या वाटांनी आले. मासातो हागिवारा हे नावाजलेले नट. माहजाँगवरच्या 'आकागी' या ॲनिमे मालिकेत नायकाला त्यांनी आवाज दिला, आणि पुढे ते खरोखरच लीगमध्ये बसले. काना नाकादा एका लोकप्रिय गायिका-समूहातून आल्या. 'असापिन' या नावानं ओळखले जाणारे खेळाडू तेनहो या ऑनलाइन माहजाँगमधून वर आले. २००६ पासून चालणाऱ्या या जागी लाखो लोकांनी लाखो डाव खेळले, आणि त्या सगळ्यांतून सर्वोच्च पदवी मिळवणारे ते पहिले.

यात नशिबाचा भाग किती, हा प्रश्न प्रत्येक देशात विचारला जातो. एका डावात नशीब मोठंच. आज शिकलेला माणूस आज संध्याकाळी अजिंक्यवीराला हरवू शकतो, आणि बुद्धिबळात हे घडत नाही. पण डाव शेकडोंनी झाले, की कौशल्य वर येतं. म्हणूनच लीगचा हंगाम महिनोन्‌महिने चालतो. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांची 'सुपर फीनिक्स' (Suphx) नावाची संगणक प्रणाली तेनहोवर हजारो डाव खेळून दहाव्या दर्जाला पोचली. निव्वळ नशिबाच्या खेळात यंत्राला असं वर चढता आलं नसतं. रमीबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्येच म्हटलं होतं, की तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. माहजाँग रमीच्याच घराण्यातला.

दर वसंतात नवं कार्ड

अमेरिकेची गोष्ट याहून निराळी, आणि या लेखाच्या दृष्टीनं सगळ्यांत बोलकी. स्टँडर्ड ऑइल कंपनीत काम करणारे जोसेफ पार्क बॅबकॉक सूचौ शहरात राहत असताना हा खेळ शिकले. १९२० मध्ये त्यांनी सोपे केलेले नियम छापले, आणि काही वर्षांत अमेरिकेला माहजाँगचं वेड लागलं. सोंगट्यांसाठी हाडं कमी पडू लागली, तेव्हा अमेरिकेतल्या कत्तलखान्यांतून गुरांची हाडं बोटीनं चीनला जात आणि कोरून परत येत. लाट आली तशी ओसरली, आणि मागे राहिला तो गोंधळ: शहरागणिक नियम, क्लबागणिक पुस्तिका.

१९३७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बायकांचा एक गट जमला. बहुतेक ज्यू कुटुंबांतल्या. त्यांनी राष्ट्रीय माहजाँग लीग स्थापन केली आणि एक युक्ती काढली. वर्षभर कोणकोणते हात चालतील, याची यादी एका घडीच्या कार्डावर छापायची, आणि पुढच्या वर्षी ती बदलायची. आजही दर वसंतात नवं कार्ड येतं. त्या दिवशी देशभरच्या सगळ्या खेळाडू, कसलेल्या आणि कच्च्या, एकाच पायरीवर येतात, कारण सगळ्यांनाच नव्यानं पाठ करावं लागतं. कार्डाच्या विक्रीतून दानधर्म होतो. सोंगट्या १५२, त्यांत आठ जोकर. खेळ सुरू होण्याआधी नको असलेल्या तीन-तीन सोंगट्या उजवीकडे, समोर, डावीकडे द्यायच्या. या देवघेवीला १९२० च्या दशकातल्या एका नाचाचं नाव आहे. कोऱ्या पांढऱ्या सोंगटीला या बायका 'सोप', म्हणजे साबण म्हणतात.

इतिहासकार ॲनेलिस हाइन्झ यांनी २०२१ मध्ये या खेळावर ग्रंथ लिहिला. चिनी अमेरिकी कुटुंबांना हा खेळ जातीगोतीच्या आठवणींशी जोडून ठेवत होता, तर उपनगरांत राहायला गेलेल्या ज्यू बायकांना शेजारणींशी, हे त्यातून उमगतं. एमी टॅन यांच्या १९८९ च्या 'द जॉय लक क्लब' या कादंबरीत तर सगळी गोष्टच माहजाँगच्या टेबलाभोवती घडते. आई वारली आहे आणि तिच्या रिकाम्या खुर्चीवर मुलीनं बसायचं आहे.

आणखी एक धागा थेट पुण्याच्या बंगल्याशी जुळतो. ओहायो राज्यातल्या राइट-पॅटरसन या हवाई तळावरच्या अधिकाऱ्यांच्या बायकांनी आपले वेगळे नियम बांधले आणि पुस्तकरूपानं छापले. अमेरिकी सेनादलांची कुटुंबं बदलीगणिक ते जगभर घेऊन फिरली. ज्या गरजेपोटी त्यांनी पुस्तक छापलं, त्याच गरजेपोटी यजमानीणबाईंची वही भरत गेली: गाव बदललं तरी दुपार बदलू नये.

खिशातला पैसा

पैशाचा विषय टाळून माहजाँगबद्दल लिहिता येत नाही. घरगुती टेबलावर बहुतेक देशांत थोडाफार पैसा असतोच. हाँगकाँगमध्ये लग्नाच्या मेजवानीआधी पाहुणे काही तास लवकर येतात आणि हॉलमध्येच टेबलं मांडून खेळतात. तिथल्या परवानाधारक अड्ड्यांना कागदोपत्री 'माहजाँग शाळा' म्हणत. खेळणाऱ्याच्या जवळ पुस्तक घेऊन बसायचं नाही, कारण चिनीत 'पुस्तक' आणि 'हरणं' यांचा उच्चार सारखा. फिलिपीन्समध्ये मृताच्या घरी रात्र जागवताना माहजाँग किंवा पत्ते खेळतात, आणि डावातला ठरलेला वाटा त्या घराला अंत्यविधीच्या खर्चासाठी दिला जातो. या पैशाला जुगार म्हणावं तर जीभ अडखळते.

दुसरी बाजूही आहे. २०२० च्या मे महिन्यात टोकियोच्या उच्च अभियोक्ता कार्यालयाचे प्रमुख हिरोमु कुरोकावा यांना राजीनामा द्यावा लागला. करोनाच्या आणीबाणीत ते पत्रकारांबरोबर पैसे लावून माहजाँग खेळत होते. दर मामुली होता, हजार गुणांना शंभर येन, पण कायदा राबवणाऱ्यानंच तो मोडला होता. चीनमध्ये च्यांगशी प्रांतातल्या युशान इथं २०१९ च्या ऑक्टोबरात पोलिसांनी माहजाँगघरं बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा लोक इतके खवळले, की रोख फक्त जुगारावर आहे असा खुलासा करावा लागला.

म्हणूनच स्पर्धा भरवणाऱ्यांनी सगळ्यांत आधी पैसा बाहेर काढला. एम-लीगनं खेळाडूंना जुगार पूर्ण वर्ज्य केला. जपानातल्याच 'आरोग्य माहजाँग' मंडळांनी तीन नकारांचं व्रत घेतलं: पैसे लावायचे नाहीत, दारू प्यायची नाही, सिगारेट ओढायची नाही. धुरानं भरलेल्या माहजाँगघरांत कधी पाऊल न टाकलेल्या आज्या या मंडळांत दुपारी येऊन बसतात. पैसा गेल्यानं खेळ बेचव होतो, असं जुने खेळाडू म्हणतात. या आज्यांच्या टेबलावरची चढाओढ पाहणारा ते मान्य करणार नाही.

तिघं हजर

चिनी भाषेत तीन अक्षरांचा एक शब्द आहे, सान-च्वे-यी. तिघं आहेत, एक कमी. मित्राला फोन करून एवढंच म्हटलं, तरी त्याला निघावं लागतं. आपला भिडू जसा कॅरमला, ब्रिजला, गल्लीतल्या क्रिकेटला लागतो, तसाच. पण कॅरम दोघांतही होतो, रमी तिघांतही. चौघांचा माहजाँग तिघांत खेळला, की अपुरा वाटतो.

स्पर्धेत हा प्रश्न वेळापत्रक सोडवतं. चौथा माणूस फेरीच्या तक्त्यावर छापलेला असतो. तो कोण, त्याची भाषा कोणती, त्याचा दिवस कसा गेला, हे ठाऊक नसलं तरी चालतं. चालावं यासाठीच तर सगळे नियम आहेत, आणि त्यामुळेच कुणी फिनलंडचा, कुणी ओसाकाचा, कुणी सिच्वानचा माणूस दोन तास शेजारी बसून एकमेकांच्या ओळी वाचू शकतो. हे थोर आहे. घरी मात्र चौथ्याला शोधावं लागतं, शिकवावं लागतं, सांभाळून घ्यावं लागतं. करोनाच्या साथीत, २०२० च्या सुरुवातीला, चीनमध्ये ड्रोनवरच्या कर्ण्यातून रस्त्यावर माहजाँग खेळणाऱ्यांना उठून घरी जायला सांगितलं जात होतं. चौघांत बसण्याची ओढ एवढी.

पुण्याच्या टेबलावरच्या हवाई दलातल्या बाईंच्या घरी बदलीचा कागद आला आहे. त्यांच्या जागी बसायला गेल्या दोन गुरुवारी एक नवी मुलगी येते, लग्नाला वर्षही न झालेली, मूळची कोल्हापूरची. आज ती पंग आणि काँग, म्हणजे तीन सारख्या आणि चार सारख्या, यांत गोंधळते आहे. हातातल्या सोंगट्या दोनदा मोजते, बारा भरतात, तिसऱ्यांदा मोजते. मग हिरवी सोंगटी टाकते. ती बनातीवर टेकते न टेकते, तोच तिचा हात तोंडावर जातो.

"मॅडम, ही नको होती टाकायला. माझ्याकडे हिची जोडी होती."

टेबलावर क्षणभर कुणी बोलत नाही. यजमानीणबाईंच्या हातात हिरव्याची जोडी आहे. 'पंग' म्हटलं, तर त्यांचा डाव जवळपास लागतो. त्या आपल्या सोंगट्यांकडे पाहतात, मग मुलीकडे.

"घे परत," त्या म्हणतात. "आज घे. पुढच्या गुरुवारी नाही मिळायची."

मुलगी सोंगटी उचलते, पुन्हा मोजू लागते. स्वयंपाकघरातून कुणीतरी विचारतं, चहा अजून कोणाकोणाला हवा.